औषधद्रव्यांचा अखंड प्रवाह



गुऱ्हाळात एक आधण उतरल्याखेरीज काहिलीत दुसरा रस पडत नाही, हे आपण पाहिलेले आहे. गोळीतील मूळ औषधद्रव्यही बहुतेक कारखान्यांत अद्याप असेच, आधणाआधणाने तयार होते. हजारो लिटरच्या पात्रात द्रव्ये घालावयाची, ढवळावयाची, पात्र रिकामे करून धुवावयाचे आणि पुन्हा आरंभ.

यातील खरी अडचण उष्णतेची. अनेक रासायनिक क्रियांतून उष्णता आपोआप निघते आणि ती बाहेर जाते मुख्यतः पात्राच्या भिंतीतून. 2 मीटर व्यासाच्या पात्रात दर घनमीटर द्रवामागे सुमारे 2 चौरस मीटर भिंत येते. 2 मिलिमीटर व्यासाच्या नळीत तीच 2,000 चौरस मीटर होते. म्हणून द्रव्ये पंपांनी बारीक नळीत सोडून वाहता वाहताच क्रिया घडवावी, हा अखंड प्रवाह पद्धतीचा गाभा होय. 100 मीटर लांबीच्या अशा नळीत जेमतेम 314 मिलिलिटर द्रव मावतो. क्रिया हाताबाहेर गेलीच, तर ती एवढ्याच द्रवाची. औद्योगिक वसाहतीलगत ज्यांची गावे आहेत, त्या पंचायत सदस्यांना या आकड्याचे मोल मी सांगावयास नको. साठ्याच्या टाक्यांची काळजी अर्थात वेगळी घ्यावीच लागते.

जर्मनीतील पॉट्सडाम येथे 2012 मध्ये पीटर झीबर्गर आणि फ्रांस्वा लेव्हेक यांनी या पद्धतीने हिवतापावरील आर्टेमिसिनिन तयार केले. वनस्पतीतून हे औषध काढल्यावर उरणारे आम्ल वाया जात असे. त्याचे औषध करावयास प्राणवायू आणि प्रकाश हवा. पण मोठ्या पात्रात प्रकाश आतवर पोचत नाही. त्यांनी पातळ नळीच दिव्याभोवती गुंडाळली! सरासरी साडेचार मिनिटांत औषध बाहेर येऊ लागले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही प्रवाही अभिक्रियापात्रांवर काम झाले असून, तेथील डॉ. अमोल कुलकर्णी यांना 2020 चा भटनागर पुरस्कार मिळाला.

तथापि घनकण निर्माण झाले की नळी तुंबते. एकाच पात्रात आलटूनपालटून अनेक औषधे करणाऱ्या लहान कारखानदाराला ते पात्र मोडीत काढणे परवडणारेही नाही. शिवाय दोष आढळल्यास परत मागवावयाचे ते कोणते आधण? प्रवाहाला तर खंडच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी यावर तोड काढली: ठरावीक वजनाचा अथवा ठरावीक वेळेत निघालेला माल म्हणजे एक आधण.