बिल विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे

(उत्तन येथे मच्छीमार बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



भाव करायला मी तुम्हांला काय शिकवणार? बाजारात पाटी उतरवली की गिऱ्हाईक वाट्याचा भाव पाडून मागतं. तुम्ही त्याला खडसावता, चार बोंबील वर टाकता आणि सौदा जमवता. पण हीच बाई दवाखान्यात बिलाच्या खिडकीसमोर गप्प होते. का? तिथे भाव आधी कुणी सांगत नाही, कागद इंग्रजीत असतो आणि आपलं माणूस आत त्यांच्या हातात असतं.

मागच्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, इथलीच एक ताई माझ्याकडे आली. खाजगी दवाखान्यात नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं. बिल दिराने पाहिलं, सही दिराने केली. गहाण गेल्या त्या हिच्या पाटल्या. बिलाचा आकडासुद्धा तिला कुणी सांगितला नव्हता! आम्ही दोघी तपशीलवार बिल मागायला गेलो. तिसऱ्या फेरीला ते मिळालं. परत केलेली औषधं त्यात वजा केलेली नव्हती, काही वस्तू दोनदा लावलेल्या होत्या. लेखी अर्ज दिला तेव्हा काही हजार रुपये परत आले. पाटल्या मात्र अजून सुटलेल्या नाहीत. बिल आधीच विचारलं असतं तर?

विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे दरांचा तक्ता आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावीच लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेली रुग्णहक्क सनद सांगते की, तपशीलवार बिल मिळालं पाहिजे, औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं ते आपण ठरवायचं आणि पैसे थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचं नाही.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा निधी असतो. आज वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड आत्ताच तयार ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी दाखला मिळत नाही. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी थांबवता येत नाही. तरीही मार्च २०२५ मध्ये पुण्यात, एका गर्भवती बाईकडे धर्मादाय रुग्णालयाने १० लाख मागितले, असा आरोप तिच्या घरच्यांनी केला. दुसरीकडे जुळ्यांना जन्म देऊन ती गेली. नियम कागदावर असून भागत नाही.

कोरोनात शासनाने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांचे दर बांधले होते : साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता ९,०००. तरी अवाच्या सवा बिलं लावली गेली. नवरा गेला आणि कर्ज बायकोच्या डोक्यावर राहिलं. तेव्हा जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने अशी बिलं तपासून जादा पैसे परत मागितले. काहींना ते मिळालेही. एकेकटीने हे झालं नसतं.

मग आपण काय करायचं? दाखल करतानाच अंदाजी खर्च लिहून मागायचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना तिथे लागू आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतो, हे विचारायचं. रोजच्या रोज बिल बघायचं, औषधांच्या चिठ्ठ्या जपायच्या. परवडत नसेल तर डॉक्टरांशीच बोलायचं. त्यांची फी आणि खोलीभाडं यांत सूट देणं त्यांच्या हातात असतं. हप्ते मागायचे. सगळं लेखी. आणि सोबत दोघीतिघी जायचं, पण भांडायला नव्हे. तिथल्या नर्सबाईही आपल्यासारख्याच राबणाऱ्या आहेत.

शेवटी एक सांगते. बिल कमी करून घेणं ही मलमपट्टी आहे. सरकारी दवाखान्यात रात्रीबेरात्री डॉक्टर आणि औषध मिळालं, तर पाटल्या हातातच राहतील. ती मागणी सोडायची नाही. पण तोवर, ज्या बिलासाठी आपलं सोनं जातं, ते बिल आधी आपल्या हातात आलं पाहिजे.