सांधेवाला आणि स्विच

कल्याण स्थानक मागें पडलें कीं लोहमार्गाचे दोन फांटे होतात. एक कसाऱ्याकडे वळून थळघाटाची वाट धरतो, दुसरा कर्जतच्या दिशेनें जाऊन बोरघाट गांठतो. मुंबईहून आलेली गाडी कोणत्या फांट्यास लागावयाची, हें सांध्यावर ठरतें. रुळांचीं दोन टोकें वीतभरहि सरकत नाहींत, परंतु तेवढ्यानें नाशिकचा उतारू नाशिकला आणि पुण्याचा पुण्याला पोंचतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं ज्या ठाण्यापर्यंत या देशांतील पहिली उतारूंची गाडी धांवली, त्या ठाण्याच्या माणसाला सांधा म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. अमेरिकेंत या सांध्यालाच ‘स्विच’ म्हणतात.

आज ठाणें, कल्याण आणि डोंबिवलींतील कित्येक तरुण-तरुणी एका निराळ्या स्विचचा अभ्यास करीत असतात. संगणकांच्या जाळ्यांत मध्यभागीं बसणारी ती एक चपटी पेटी असते. तिच्या तोंडावर आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकें असतात आणि प्रत्येक भोकांत एकेका यंत्राची तार येऊन पोंचते. या भोकाला पोर्ट म्हणतात. सिस्को या अमेरिकन कंपनीनें १९९८ सालीं सुरू केलेली ‘सीसीएनए’ ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठीं या पेटीचा स्वभाव नीट ओळखावा लागतो. परीक्षा दोन तासांची. शुल्क सुमारें ३०० डॉलर, म्हणजे आपल्या चलनांत पंचवीस हजार रुपयांहून अधिक. आणि मिळालेलें प्रमाणपत्र तीन वर्षें चालतें. मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला ही रक्कम सहज बाजूस काढतां येत नाहीं. ऐरोली, रबाळें, महापें या ठाणें जिल्ह्यांतल्याच पट्ट्यांत माहिती सांठविणारीं प्रचंड केंद्रें उभीं राहिलीं आहेत. तेथें काम मिळेल, या आशेनें घरचीं माणसें ती रक्कम उभी करतात. म्हणून मुलगा खरोखर काय शिकतो आहे, हें घरच्या वडील मंडळींनाहि थोडेंबहुत कळलेलें बरें.

स्विच या वस्तूचा पूर्वज टेलिफोनच्या कचेरींत सांपडतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोनचीं मध्यवर्ती केंद्रें उघडलीं. तेथें माणूस बसे, मागणी ऐके आणि हातानें एक तार दुसऱ्या तारेस जोडून देई. कॅन्सस शहरांतील आल्मन स्ट्रॉजर या गृहस्थाचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा होता. केंद्रांत बसणारी व्यक्ति आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, अशी आख्यायिका आहे. तें कसेंहि असो, १८९१ सालीं त्यानें माणसावांचून तारा जोडणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. मात्र या जोडणींत एक उधळपट्टी होती. दोघे बोलत असेपर्यंत, आणि मध्येंच दोघेहि गप्प बसले तरी, ती संपूर्ण वाट त्यांच्यासाठींच अडून राही. संगणकांना ही चैन परवडत नाहीं. ते आपल्या मजकुराचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर घेणाराचा आणि देणाराचा पत्ता घालतात, आणि मग तो तुकडा वाटेला लावतात. अशा पत्ता घातलेल्या लखोट्याला या शास्त्रांत फ्रेम म्हणतात.

१९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यानें ‘इथरनेट’ची कल्पना मांडली, तेव्हां सर्व यंत्रें एकाच तारेवर लटकलेलीं असत. चाळीच्या सज्जांत उभें राहून एकानें हांक मारावी आणि सगळ्या बिऱ्हाडांनीं ती ऐकावी, तसा तो प्रकार होता. ज्याचें नांव असेल त्यानें ओ द्यावयाची, बाकीच्यांनीं दुर्लक्ष करावयाचें. दोघे एकदम ओरडले तर कोणाचेंच ऐकूं येत नसे. मग दोघांनींहि क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा. पुढें ‘हब’ नांवाची पेटी आली. पण तिनेंहि एका भोकांतून आलेला शब्द जसाच्या तसा इतर सर्व भोकांतून ओरडण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं. बिऱ्हाडें वाढलीं तसा गोंगाट वाढला.

या गोंगाटावर पहिला चांगला तोडगा १९९० सालीं बाजारांत आला. सात पोर्टांचा तो इथरनेट स्विच काढणाऱ्या कंपनीचें नांव होतें ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकीं एक. त्यांनीं आपल्या पत्नीचें नांव कंपनीला दिलें होतें. १९९४ सालीं ही कंपनी सिस्कोनें विकत घेतली. परीक्षा देणाऱ्या मुलांपैकीं फारच थोड्यांना हें नांव ठाऊक असतें, ही खेदाची गोष्ट आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सांध्याची उपमा येथवर उपयोगी पडते, पण येथून पुढें ती फसवूं लागते. गाडी येण्यापूर्वींच सांधेवाल्याला वेळापत्रक ठाऊक असतें. स्विचपाशीं वेळापत्रक नसतें. पेटी प्रथम सुरू होते तेव्हां कोणतें यंत्र कोणत्या भोकाशीं आहे, याची तिला गंधवार्ताहि नसते. मग ती तें शिकते कशी?

घोडबंदर मार्गावरील एखाद्या नव्या वसाहतींत नवा टपालवाला आला आहे, असें समजा. घरांवर पाट्या नाहींत. तो कोणालाहि पत्ता विचारीत नाहीं. कोणत्याहि दारांतून पत्र बाहेर आलें, कीं तो त्यावरील पाठविणाराचें नांव वाचतो आणि आपल्या वहींत टिपून ठेवतो : अमुक गृहस्थ तिसऱ्या दारीं राहतात. स्विच नेमकें हेंच करतो. पेटीशीं चार यंत्रें जोडलीं आहेत; त्यांना क्रमानें क, ख, ग, घ म्हणूं. वही कोरी आहे. ‘क’नें ‘ख’ला पत्र पाठविलें. स्विचनें आधीं पाठविणाराचें नांव पाहिलें आणि लिहिलें : ‘क’ पहिल्या पोर्टावर. मग घेणाराचें नांव पाहिलें. ‘ख’ची नोंद नाहीं. म्हणून पत्राच्या प्रती करून आलेलें दार सोडून बाकीच्या तिन्ही दारीं त्यानें टाकल्या. ‘ग’ आणि ‘घ’ यांनीं तें आपलें नव्हे म्हणून टाकून दिलें. ‘ख’नें उत्तर लिहिलें, लागलीच नोंद झाली : ‘ख’ दुसऱ्या पोर्टावर. हें उत्तर ‘क’साठीं होतें आणि ‘क’ची नोंद आधींच झालेली होती, म्हणून तें केवळ पहिल्या दारीं गेलें. यापुढें त्या दोघांचें संभाषण इतरांच्या कानीं पडत नाहीं.

विद्यार्थी हमखास चुकतात ते येथेंच. पत्र पोंचविण्यासाठीं घेणाराचें नांव वाचावयाचें, पण शिकण्यासाठीं पाठविणाराचें, हा भेद त्यांच्या मनावर ठसत नाहीं. तो ठसला म्हणजे पुढचीं कोडीं आपोआप सुटतात. जें यंत्र कधीं बोलतच नाहीं, त्याचें टपाल सर्वांच्या दारीं कां जातें? कारण मौनी यंत्राची ओळख स्विचला कधीं पटतच नाहीं. वहींतली नोंद कायम कां राहत नाहीं? कारण बिऱ्हाडें बदलतात. एखादें यंत्र सामान्यतः ३०० सेकंद गप्प राहिलें तर त्याची नोंद पुसली जाते. या नोंदींतला पत्ता यंत्राच्या जाळें-जोडणीला कारखान्यांतच मिळालेला असतो. तो अठ्ठेचाळीस द्विमान अंकांचा, म्हणजे सुमारें २८१ लाख कोटी निरनिराळे पत्ते देऊं शकणारा असतो. त्याचा पहिला अर्धा भाग कारखानदार कोण तें सांगतो.

स्विचचा हा भोळा स्वभाव दोन ठिकाणीं अंगाशीं येतो. तो लिहिलेलें नांव खरें मानतो. कोणी खोट्या नांवांचा पाऊस पाडला तर वही भरून जाते, नव्या नोंदीला जागा उरत नाहीं, आणि तो पुन्हा सर्वांच्या दारीं पत्रें टाकूं लागतो. चोरून वाचणाराला एवढेंच हवें असतें. म्हणून एका पोर्टावर किती पत्ते मान्य करावे, याची मर्यादा घालण्याची सोय करावी लागली.

दुसरें संकट याहून गंभीर आहे. एखाद्या कचेरींत दोन स्विच एका तारेनें जोडलेले असतात. कोणी सद्‌हेतूनें विचार करतो कीं एक तार तुटली तर दुसरी असावी, आणि दुसरीहि लावून टाकतो. सर्वांना उद्देशून निघालेलें एक पत्र पहिल्या तारेनें जातें, दुसरीनें परत येतें, पुन्हा जातें. लांबच्या प्रवासाच्या पाकिटांवर ‘इतक्या मुक्कामांनंतर नष्ट व्हावें’ असा आंकडा असतो. स्विचच्या फ्रेमवर तसा आंकडाच नाहीं. पत्र फिरतच राहतें, त्याच्या प्रती वाढत जातात आणि थोड्याच वेळांत सारी कचेरी बंद पडते. ती कचेरी रुग्णालयाची असली तर तपासण्यांचे अहवाल अडतात, बँकेची असली तर खिडकीपुढें रांग लागते. आणि कारण काय, तर काळजीपोटीं लावलेली हातभर तार! यावरची रीत रॅडिया पर्लमन या विदुषींनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. सर्व स्विचांनीं आपसांत एक मूळ निवडावें, त्या मुळापर्यंतची प्रत्येकाची जवळची वाट खुली ठेवावी आणि ज्या वाटेनें वर्तुळ होईल ती मिटून ठेवावी; खुली वाट तुटली तरच मिटलेली उघडावी. जुन्या पद्धतींत ही उघडझांक होण्यास तीस ते पन्नास सेकंद लागत. पुढें ती बरीच जलद झाली. पर्लमनबाईंनीं या रीतीवर एक छोटी कविताहि रचिली आहे. तारांची दुरुस्ती करणारीं माणसें रुक्ष असतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती अवश्य पाहावी.

एकाच पेटींत अनेक स्वतंत्र जाळीं मानण्याचीहि युक्ति आहे. ठाण्यापुढें धिम्या आणि जलद गाड्यांचे मार्ग शेजारून जातात, तरी एकीवरची गाडी सांध्यावांचून दुसरीवर येत नाहीं. तसेच हिशेबखात्याचे आणि पाहुण्यांचे संगणक एकाच स्विचवर असूनहि एकमेकांस दिसत नाहींत. प्रत्येक जाळ्याला क्रमांक असतो, आणि असे ४०९४ क्रमांक वापरतां येतात. एका जाळ्यांतून दुसऱ्यांत जावयाचें तर राउटर नांवाच्या निराळ्या यंत्राकडून जावें लागतें.

आतां अभ्यासाविषयीं. परीक्षेंत येणारे म्हणून प्रश्नोत्तरांचे तयार संच हातोहात फिरतात. ते घोकून उत्तीर्ण होणारे नाहींत असें नाहीं. परंतु नोकरीच्या मुलाखतींत कोणी फळ्यावर दोन पेट्या आणि दोन तारा काढून ‘आतां काय होईल?’ असें विचारलें, म्हणजे पाठांतर दगा देतें आणि घरचे पंचवीस हजार वायां जातात. परीक्षा मराठींत होत नाहीं ही अडचण खरी आहे. म्हणून तर मराठी शाळेंतून आलेल्या मुलानें प्रत्येक कृति प्रथम आपल्या भाषेंत कोणाला तरी, अगदीं घरांतल्या आजीलाहि, समजावून सांगावी. तिला समजली तर इंग्रजी शब्द मागाहून बसवितां येतात.

सरावाला खर्च फार नाहीं. सिस्कोनेंच ‘पॅकेट ट्रेसर’ नांवाचा अभ्यासाचा कार्यक्रम विनामूल्य ठेवला आहे. त्यांत पडद्यावरच स्विच मांडून तारा जोडतां येतात. त्यावर वर सांगितलेलीं चार यंत्रें मांडावीं, ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ ही आज्ञा देऊन कोरी वही पाहावी, एक संदेश पाठवावा आणि वही पुन्हा पाहावी. नंतर ‘क’ची तार पहिल्या पोर्टावरून काढून सातव्या पोर्टावर लावावी आणि वही उघडण्यापूर्वीं उत्तर कागदावर लिहावें : ‘क’ कांहींहि बोलण्याआधीं ‘ख’नें त्याला पत्र पाठविलें, तर तें कोठें जाईल?