रात्रीची लोटगाडी आणि परवाना

रावेर-यावलकडून केळी भरून निघालेला ट्रकड्रायव्हर, धुळ्याच्या एस. टी. स्टँडावर अपरात्री उतरलेला प्रवासी आणि जळगावच्या सरकारी इस्पितळात आजाऱ्याच्या उशाशी बसलेला नातेवाईक, या तिघांची अडचण एकच. भूक लागलेली असते आणि घर दूर असते. अशा वेळी चौकातली लोटगाडी उपयोगी पडते. भुर्जी-पाव म्हणा, शेवभाजी म्हणा, जे मिळेल त्याचे पार्सल घेऊन माणूस वाटेला लागतो.

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ असे आपली जुनी माणसे म्हणत आली. पण त्याच चौकात माडीवर राहणाऱ्या बाईला विचारून पहा. खाली एक वाजेपर्यंत तव्यावर कलथा वाजतो, फटफट्या घुरघुरतात आणि तिच्या लेकराला सकाळची शाळा असते. ड्रायव्हरची भूक खरी, तशी या लेकराची झोपही खरी. गाडीवाल्याच्या घरची चूल तर त्या तव्यावरच चालते. या सगळ्यांचा मेळ घालण्याचे साधन म्हणजे परवाना.

इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पुष्कळ गाडीवाले म्हणतात, “आम्ही रोज पैसे भरतो, ही पहा पावती.” बरोबर आहे, पण ती पावती बाजार फीची. त्या दिवसाचे पैसे पोचले, एवढेच ती सांगते. उद्या तुम्ही तिथे उभे राहू शकाल, असे ती सांगत नाही. म्हणून पावती म्हणजे परवाना नव्हे. मात्र पावत्या फेकूनही देऊ नका. तुम्ही किती दिवसांपासून धंदा करता, याचा पुरावा म्हणून त्या कामी येतात.

मग खरा परवाना कोणता? रस्त्यावर धंदा करणे हा नागरिकाचा हक्क आहे, पण त्याला रास्त बंधने घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सोदान सिंग यांच्या खटल्यात सांगितले. पुढे 2014 साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत 2003 पासून महानगरपालिका आहे. अशा शहरात आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली पथविक्रेता समिती असावी, असे हा कायदा सांगतो. तिच्यात निदान शेकडा 40 सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. दर पाच वर्षांनी पाहणी करायची, नाव नोंदवायचे आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचे. हाच तो खरा कागद. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवू नये, असेही कायद्यात आहे.

पुढे हलवायचेच झाले, तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला, तर त्याची यादी मिळाली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा असतो. रात्रीच्या गाडीवाल्याला हे माहीत असणे फार जरुरीचे. उकडलेली अंडी आणि चिरलेला कांदा दोन दिवसांनी परत मिळून काय उपयोग?

पण हक्काबरोबर जबाबदारीही येते, बरं का. हे प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही. धंदा स्वतः करायचा किंवा घरच्यांनी. ठरलेली वेळ संपली की गाडी हलवायची, जागा झाडून काढायची.

दुसरा कागद अन्नाचा. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा; तो 2011 साली अंमलात आला. लहान धंदेवाल्यालाही नोंदणी करावी लागते. वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असणाऱ्यांसाठी 2011 च्या नियमांनी वर्षाला 100 रुपये फी ठेवली होती. असे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्जापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत विचारून घ्यावे. खेड्यातल्या फाट्यावर भजी तळणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे, हे विसरू नका. शिजवलेले अन्न गरम ठेवा, निवून तासन् तास पडू देऊ नका. पार्सल वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून 2018 च्या नियमांनी त्याला मनाई केली आहे. घरगुती सिलिंडरही गाडीवर चालत नाही.

कोणी म्हणेल, “2017 च्या कायद्याने दुकाने रात्रभर उघडी ठेवायला मुभा दिली ना?” दिली, पण ती दुकानाला. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटसमोर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याने जागा मिळत नाही. ती जागा आणि वेळ समितीच्या योजनेतच ठरायची.

आता माडीवरच्या बाईकडे वळू. या समितीत रहिवाशांच्या मंडळांनाही स्थान आहे. “अकरानंतर गाडी इस्पितळाजवळ किंवा स्टँडाजवळ असू द्या, आमच्या गल्लीत नको,” हे तिथे सांगता येते. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा लावायला तर 2000 सालच्या नियमांनीच बंदी आहे. मध्यरात्री खिडकीतून भांडण्यापेक्षा समितीपुढे दिलेला एक अर्ज जास्त काम करतो.

गुरुजनांना शेवटी एक विनंती. आपल्या गावातली किती तरी मुले शहरात जाऊन गाडी लावतात. त्यांना अर्ज वाचून दाखवा, पावती कोणती आणि परवाना कोणता हे समजावून सांगा. कागद हाती नसला की माणूस दर रात्री कोणाच्या ना कोणाच्या मर्जीवर उभा राहतो. कागद असला की तो नियमावर उभा राहतो, आणि नियम मोडला तर त्याला जाबही विचारता येतो. भुकेलेला पोटभर जेवेल, दमलेला सुखाने झोपेल, ते याच वाटेने.