नियम ठरतात तिथे आपले मत हवे



 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा, राईस मिलचा आणि तेंदूपत्त्याचा. जागतिक करन्यायावरची ही परिषद गोंदियात कशासाठी, असे कुणी विचारले तर मी तांदळाची पिशवी पुढे करतो.

18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीवर 5 टक्के जीएसटी लागला. त्याहून जड पिशवी सुटली. लगेच बाजारात 26 किलोच्या पिशव्या दिसू लागल्या. ही पळवाट एका किलोची. बड्यांची पळवाट समुद्रापार जाते. 2007 मध्ये हचिसन कंपनीचा भारतातला मोबाईल व्यवसाय व्होडाफोनकडे गेला, पण कागदोपत्री विकला गेला केमन बेटांवरच्या कंपनीचा शेअर. सुमारे 11 हजार कोटींच्या करावरून वाद पेटला. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये प्राप्तिकर खात्याच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तो फिरवला. मग संसदेने कायद्यात पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी दुरुस्ती केली. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने नेदरलँड्सशी झालेल्या गुंतवणूक कराराच्या आधारे भारताविरुद्ध निर्णय दिला. पुढच्याच वर्षी सरकारने या करातून माघार घेतली. पूर्वलक्षी कर मलाही पटत नाही. पण कमाई इथली असताना तिच्यावर कर कुणाचा, हे आधीच न्यायाने ठरलेले असते, तर ही वेळ आली नसती.

कराचा अधिकार सामायिक करण्यात कमीपणा नाही. आपल्या राज्यांनी 2017 मध्ये जीएसटी स्वीकारून तेच केले. बदल्यात त्यांना जीएसटी परिषदेत मिळून दोन-तृतीयांश मताधिकार मिळाला आणि तिथे महाराष्ट्राचे मत मिझोरामच्या मताइतकेच मोलाचे आहे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ॲपलला आयर्लंडमध्ये 13 अब्ज युरोंचा कर भरायला लावला, तोही सदस्य देशांनी मिळून मान्य केलेल्या कायद्याच्या बळावर.

विकसनशील देशांना मात्र पॅरिसमधल्या ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत घडलेले नियम पाळावे लागतात. म्हणूनच डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जागतिक कर कराराच्या वाटाघाटींची चौकट 119 विरुद्ध 9 मतांनी मंजूर केली, ही मोठी गोष्ट आहे. तिथे एका देशाला एक मत आहे. अमेरिका या वाटाघाटींतून बाहेर पडली. आपण मात्र त्यांत टिकून राहिले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषधे, जिल्हा परिषदेची शाळा आणि धानाचा हमीभाव यांचा खर्च शेवटी करातूनच भागतो. बड्यांनी चुकवलेला कर धाकट्यांच्या पिशवीवर येऊन बसतो.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. दोन दिवस मोकळेपणाने वाद घाला. पण या वाटाघाटींबाबत भारताची भूमिका संसदेत खुलेपणाने मांडली जावी, असा ठराव करूनच गोंदिया सोडा, एवढी विनंती करतो.