सापळ्याचा नियम आणि तागाची सुतळी



गळाने मासा धरायचा तर गळाला आमिष हवे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. कुणी गांडूळ लावतो, कुणी कोळंबी, कुणी कणकेची गोळी. पण समुद्रातला मोठा शिकारी मासा काही कणकेला भुलत नाही. त्याला हवा असतो जिवंत, वळवळणारा लहान मासा. म्हणून आधी लहान मासा धरायचा आणि मग त्याच्या जिवावर मोठा. हा लहान मासा धरण्याचे साधन म्हणजे आमिषाचा सापळा. साधन साधेच आहे. पण त्याच्या वापराचे जे नियम काही ठिकाणी झाले आहेत, ते मात्र विचार करण्यासारखे आहेत. उदाहरण म्हणून आज आपण अमेरिकेतल्या टेक्सस राज्याचे नियम पाहू.

टेक्ससला मेक्सिकोच्या आखाताचा लांबलचक किनारा आहे. गॅल्व्हेस्टन, कॉर्पस क्रिस्टी अशा ठिकाणी पुष्कळ माणसे पोटासाठी नव्हे, हौसेसाठी गळ टाकून बसतात. तिथल्या उथळ खाऱ्या पाण्यात, समुद्रगवतात, ‘पिनफिश’ नावाचा चपटा लहान मासा असतो. पाठीवर टाचणीसारखे काटे, म्हणून हे नाव. हा मासा गळाला लावण्यासाठी तारेच्या जाळीचा पिंजरा पाण्यात सोडतात. पिंजऱ्याचे तोंड नरसाळ्यासारखे, बाहेर रुंद आणि आत निमुळते. मासा वासाने आत शिरतो, पण बाहेरची वाट त्याला सापडत नाही. आपल्याकडे ओढ्यात बांबूच्या कामट्यांचे सापळे लावतात, त्यांतही हीच युक्ती असते.

आता नियम ऐका. सापळ्याचे आकारमान 18 घनफुटांपेक्षा जास्त नसावे. वर खूण म्हणून नारिंगी रंगाचा तरंगता बोया असावा. तो निदान 6 इंच उंच आणि 6 इंच रुंद हवा. बोयाला एक चिठ्ठी बांधलेली असावी व तीवर मालकाचे नाव, पत्ता आणि सापळा टाकल्याची तारीख असावी. ही चिठ्ठी त्या तारखेपासून 10 दिवस चालते. आणि शेवटचा नियम असा, की सापळ्याचा काही भाग पाण्यात कुजून जाईल असा असावा.

पहिले नियम सहज पटतात. बोया दिसला तर होडी सापळ्यावर जात नाही. नाव असले तर जबाबदारी कुणाची ते कळते. तारीख असली तर मालकाला दहा दिवसांच्या आत फेरी मारावीच लागते. पण कुजणारा भाग कशाला? चांगली वस्तू मुद्दाम कच्ची का ठेवायची?

तर त्याचे असे आहे. वादळ येते, दोरी तुटते, बोया वाहून जातो. मालक दोन दिवस शोधतो आणि नाद सोडतो. मालकाने नाद सोडला तरी सापळा आपले काम सोडत नाही, बरं का! आत अडकलेला मासा उपाशी मरतो. त्याच्या वासाने दुसरा येतो, खेकडा येतो. तोही अडकतो, मरतो आणि तिसऱ्याचे आमिष बनतो. कुणाच्याही पोटी न जाता जीव मरत राहतात. तिथल्या खाड्यांत राहणारी डायमंडबॅक नावाची कासवे खेकड्यांच्या सापळ्यांत शिरतात. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते; ते येता आले नाही, की ते बुडून मरते.

यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे. सापळ्याचे झाकण तागाच्या साध्या सुतळीच्या फासाने अडकवायचे. सुतळीला तेल, डांबर, रंग काही लावायचे नाही. सापळा हरवला तर पाण्यात सुतळी कुजते, झाकण सुटते आणि आतले जीव मोकळे होतात. मालक फेरी मारणारा असेल तर त्याचे नुकसान काहीच नाही. जुनी सुतळी काढून नवी बांधली, की झाले. नियम त्रास देतो तो फक्त विसरणाऱ्याला.

तरीही हरवलेले सापळे साठत जातातच. म्हणून टेक्ससमध्ये 2002 सालापासून दर फेब्रुवारीत 10 दिवस खेकड्यांचे सापळे लावण्यास बंदी असते. त्या दिवसांत जो सापळा पाण्यात दिसेल तो बेवारस समजायचा आणि स्वयंसेवकांनी होड्या घेऊन तो उचलायचा. आजवर अशा रीतीने 40,000 हून अधिक सापळे बाहेर काढले गेले आहेत.

हा कायदा काही रायगड-रत्नागिरीला लागू नाही. पण त्यामागची समज आपल्याला परकी नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यावर जायचे, ही रीत आपल्या कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. फरक इतकाच, की त्या काळी जाळे सुताचे वा तागाचे होते. हरवले तर समुद्रच त्याची विल्हेवाट लावी. आज जाळे नायलॉनचे आहे. ते कुजत नाही. ते जितके टिकाऊ, तितकी आपली जबाबदारी मोठी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. तागाच्या साध्या सुतळीचा एक तुकडा आणि नायलॉन दोरीचा एक तुकडा घ्या. दोन्हींना एकेक दगड बांधा आणि गावच्या खाडीत, तळ्यात किंवा निदान शाळेच्या ओल्या मातीत ठेवा. दर आठवड्याला मुलांकडून ते ओढून पाहा आणि काय झाले ते तारखेसह वहीत लिहायला सांगा. कोणती दोरी आधी तुटते हे मुले आपण होऊन सांगतील. मग त्यांना विचारा, हरवलेल्या सापळ्याला यांतली कोणती दोरी हवी?