वहीचे मागचे पान



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि चार विचार ऐकावेत, अशी ती कल्पना. तिची एक फांदी झाडीपट्टीतल्या धानोऱ्यापर्यंत यावी आणि तेंदूचे पुडे मोजण्यात उमर घालवलेल्या माणसाला तिच्या सावलीत बोलायला उभे करावे, हे रानड्यांच्या स्वप्नातही आले नसेल. आमच्या तर नव्हतेच. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे वाचनालयाच्या बाकावर आणि मजुरांच्या बैठकीत झाले.

चालकांनी विषय दिला आहे, रोजच्या जीवनातील आनंद आणि कृतज्ञतेची सवय. पत्र वाचून आम्हाला वाटले, पाकिटावरचा पत्ता चुकला. संघटनेचा माणूस म्हणजे तक्रारीचा माणूस. काय मिळाले नाही, किती मिळाले नाही आणि कोणी अडवून ठेवले, याचा हिशेब ठेवणे हा आमचा धंदा. कृतज्ञतेवर बोलावे ते कीर्तनकारांनी.

शिवाय या शब्दाशी आमचे जुने वैर आहे. एका दिवाळीला एका मालकाने बोनसऐवजी मिठाईचे पुडे वाटले. मजूर कुरकुरू लागले तेव्हा तो म्हणाला, "मिळाले त्यात समाधान मानावे, माणसाने कृतज्ञ असावे." पुडा पावशेराचा होता, उपदेश मात्र मणभर होता. तेव्हापासून कोणी आम्हाला कृतज्ञ व्हा म्हणाले की आमचा हात आधी खिशाकडे जातो, काही गेले तर नाही ना हे पाहायला.

तरीही आज आम्ही या विषयाच्या बाजूने उभे आहोत. त्याला एक कारण घडले, ते आधी सांगितले पाहिजे. त्यात आमची बाजू चांगली नाही.

तेंदूचा हंगाम आपणा सर्वांना ठाऊक आहे. वैशाखातले ते मोजके दिवस. उजाडायच्या आत रानात शिरायचे, ऊन चढेपर्यंत पाने तोडायची, घरी आणून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. त्या मोजणीत लबाडी चाले. शेकड्यावर चार पुडे जास्त मागायचे, एखादी गड्डी पान खराब म्हणून बाजूला टाकायची, असे प्रकार असत. म्हणून आम्ही फळीवर दिवाणजीच्या शेजारी आपली वही घेऊन बसत असू. त्याची वही वेगळी, आमची वेगळी. रात्री दोन्ही जुळवायच्या आणि तफावत निघाली की भांडायचे. त्या वहीचा आम्हाला फार अभिमान होता.

एका गावच्या फळीवर एक म्हातारी रोज येई. पुडे टाकून झाले की पळसाच्या पानाच्या द्रोणात आंबील आणून आमच्यापुढे ठेवी. आम्ही मान खाली घालून आकडे लिहीत असू. डाव्या हाताने द्रोण उचलायचा, पिऊन टाकायचा, पुढचा आकडा लिहायचा. त्या धुपाच्या दिवसांत ती आंबील पोटात गेली की डोळ्यांपुढची काजवे थांबत. असे तीन हंगाम चालले.

चौथ्या हंगामात पहिल्या संध्याकाळी आम्हाला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी तहान लागली तेव्हा कळले, आंबील आली नव्हती. आम्ही विचारले, "ती म्हातारी कुठे आहे?" लोक म्हणाले, "कोणती म्हातारी?" आणि आम्हाला तिचे नाव सांगता येईना. खाणाखुणा सांगितल्या तेव्हा कोणी म्हणाले, ती तर मागच्या पावसाळ्यातच तापाने गेली.

रात्री आम्ही जुन्या वह्या काढल्या. तिचे पुडे त्यांत होते, एकही कमी नव्हता. परंतु ते तिच्या मुलाच्या नावावर होते, कारण कार्ड त्याच्या नावाचे होते. तिचे नाव दिवाणजीच्या वहीत नव्हते आणि आमच्याही वहीत नव्हते. ज्याच्या लबाडीविरुद्ध आम्ही तीन वर्षे भांडलो, त्याच्यात आणि आमच्यात त्या एका जागी काही फरक उरला नव्हता.

घरी येऊन आम्ही ही हकीकत सांगितली. आमच्या मंडळी फार बोलणाऱ्या नव्हेत. भांडी घासता घासता त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या वहीत लोकायकडून येनं किती हाय तेवढंच लिवलं हाय. आलेलं कोठी लिवता?"

त्या रात्री आम्ही तीच वही उलटी केली आणि मागच्या पानावर पहिली ओळ लिहिली: तीन वर्षांची आंबील. पुढे नाव लिहायचे होते. दुसऱ्या दिवशी त्या गावी जाऊन, विचारून, मग लिहिले.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. वहीचे पुढचे पान येण्याचे आणि मागचे पान आलेल्याचे. पुढचे पान फाडा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. परंतु मागचे पान कोरे ठेवू नका.

आता कोणी म्हणेल, आलेले लिहू लागलो तर येणे मागण्याची धार बोथट होणार नाही काय? ही शंका आमच्याच मनात सर्वांत आधी आली. तिचे उत्तर आम्हाला कोणत्या ग्रंथात मिळाले नाही, पोळ्यात मिळाले.

आपल्याकडचा पोळा आठवा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण त्याच्या कानात सांगतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही, पुढ्यात पुरणपोळी आहे. ही कृतज्ञता कोरडी नाही. जो राबतो त्याला सुट्टी आणि पोटभर अन्न देणारी ती कृतज्ञता आहे. त्या मालकाच्या मिठाईत आणि या पुरणपोळीत फरक आहे तो हा. मालक घेणाऱ्याला कृतज्ञ व्हायला सांगत होता आणि पोळ्याला राबवून घेणारा स्वतः कृतज्ञ होतो. आणि त्याच तोरणाखाली आपण काय म्हणतो? झडत्या. सावकाराला टोला, सरकारला टोला, पावसाला टोला. एकाच मैदानावर, एकाच तासात, आभारही आणि गाऱ्हाणेही. ज्या शेतकऱ्याने ही चाल बसवली त्याला ठाऊक होते की ही दोन्ही एकाच मनात सुखाने राहू शकतात.

दुसरे उदाहरण रविवारचे. रविवारी सकाळी अंमळ उशिरा उठणे, चहाचा दुसरा पेला निवांत घेणे, यात केवढा आनंद आहे! आम्हाला हा आनंद फार काळ आपोआप मिळालेला वाटत असे. मग नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचले. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्या काळी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सहा वर्षे अर्ज, सभा आणि पुन्हा अर्ज असे चालले. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरली आणि तीत स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करता करता लोखंडे स्वतःच त्या रोगाने गेले.

तेव्हा रविवारच्या चहाच्या त्या दुसऱ्या पेल्यामागे एक माणूस उभा आहे. साधा दिसणारा आनंद उलटून पाहिला की त्याच्या पाठीवर कोणाचा तरी हात उमटलेला दिसतो. हा हात दिसला की माणूस मवाळ होत नाही. उलट त्याच्या ध्यानात येते की मिळालेले सारे कोणीतरी मिळवले होते, आणि ते राखायलाही कोणीतरी लागेल.

आणि या धानोऱ्यात बसून गोंड बांधवांकडून शिकलो नाही तर आमच्यासारखे करंटे आम्हीच. त्यांच्यात आंबा, मोह, नवे धान्य यांना ज्याच्या त्याच्या वेळी पंडुम असते. पंडुम होईपर्यंत नवे फळ खायचे नाही. आधी देवाला, पूर्वजांना आणि रानाला, मग आपल्याला. आम्ही पूर्वी याला नुसता निर्बंध समजत होतो. आता समजते की यात दोन गोष्टी साधतात. फळ कोवळे ओरबाडले जात नाही, ही एक. आणि थांबल्यामुळे पहिला घास नीट कळतो, ही दुसरी. आपण बारा महिने काही ना काही तोंडात टाकत असतो आणि कशाचीच चव आठवत नाही. थांबणे ही आनंद ओळखण्याची पहिली पायरी आहे.

जवळचेच मेंढा गाव घ्या. रानाला मान देणारे हे गाव. ते हात जोडून स्वस्थ बसले काय? गावाने बहुमताने नव्हे तर सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली, अभ्यासगट चालवला, २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेतला आणि २००९ साली आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. रानाचे उपकार मानणारे लोकच रानाच्या हक्कासाठी इतके चिवटपणे उभे राहिले. पुढचे पान आणि मागचे पान एकाच वहीत कसे नांदते, ते पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

आता सवय कशी लावावी, ते थोडक्यात सांगतो. आम्ही बारा-तेरा वर्षे करीत आहोत, त्यातून जे उरले तेवढेच.

रात्री जेवणानंतर तीन ओळी लिहाव्यात. तीनच. दहा लिहायला बसलो तर चौथ्या दिवशी वही बंद होते. ओळ आजची असावी आणि लहान असावी. 'देवाच्या कृपेने सर्व ठीक' ही ओळ नव्हे, ती मनीऑर्डरीवरचा मजकूर आहे. 'पहाटे मोहाखाली गेलो, फुले टपटप पडत होती, वास नाकात राहिला', ही ओळ झाली. 'बस चुकली, पण अनोळखी पोराने सायकलवर बसवून फाट्यावर आणले', ही झाली.

दुसरे, प्रत्येक ओळीच्या शेवटी विचारावे, यामागे हात कोणाचा? भाकरी गरम मिळाली. मग चुलीशी कोण बसले होते? नळाला पाणी आले. मग रात्री मोटार कोणी सुरू केली? पुरुषांनी हा प्रश्न जरा जास्त वेळा विचारावा, असा आमचा अनुभव आहे. आमच्या वहीच्या पहिल्या महिन्यात निम्म्याहून अधिक ओळींच्या शेवटी एकाच व्यक्तीचे नाव आले, आणि ती व्यक्ती तेव्हाही भांडी घासत होती. तेव्हापासून रात्रीची भांडी आमच्याकडे आहेत.

तिसरे, आठवड्यातून एका माणसाला ते तोंडाने सांगावे. आपल्याकडे आभार मानण्याची लाज वाटते. घरच्या माणसाचे आभार कसले, असे आपण म्हणतो. भाषण नको. "काल तुम्ही थांबलात, बरे वाटले," एवढे पुरे. आम्ही त्या म्हातारीला हे सांगू शकलो नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करावे? आमच्या संघटनेतल्या एका बाईंनी तोड काढली. त्या रोज झोपताना एक आनंद आठवतात आणि मडक्यात एक चिंचोका टाकतात. पोळ्याला चिंचोके ओतून नातवंडांबरोबर खेळतात. आमच्या वहीपेक्षा ही रीत सरस आहे, कारण आमची वही कोणी खेळायला मागत नाही.

शास्त्राचेही थोडे ऐका. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. काहींनी नुसत्या घडामोडी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटले आणि पुढच्या आठवड्याविषयी अधिक आशा वाटली. मात्र पुढच्या अभ्यासांत हा गुण माफकच दिसला, हेही सांगितले पाहिजे. हे औषध नव्हे. ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्याला जाऊन 'तीन आनंद लिही' असे सांगू नका, त्याच्याजवळ बसा. आणि मन फारच खचले असेल तर डॉक्टरकडे न्या. वही दवाखान्याची जागा घेत नाही, जशी ती मजुरीचीही जागा घेत नाही.

शेवटी त्या म्हातारीकडे परत येतो. तिचे नाव मागच्या पानावर लिहिल्यानंतर पुढच्या पानावर एक नवी मागणी आली. जी बाई पाने तोडते तिच्या स्वतःच्या नावाने कार्ड हवे. बैठकीत पुष्कळ पुरुष हसले. "पैसा घरातच येतो ना, मग नाव कोणाचे का असेना," असे म्हणाले. आम्ही त्यांना आंबिलीची गोष्ट सांगितली. दोन हंगाम लागले. आज आमच्या संघटनेच्या वहीत बायकांची नावे त्यांच्या पुड्यांसमोर आहेत. तक्रारीच्या पानांनी आम्हाला हे कधी सुचवले नव्हते. ते आभाराच्या एका ओळीने सुचवले.

आज घरी जाल तेव्हा वाटेत थोडे थांबा. दिवसभर तापलेल्या मातीवर आता गार वारा सुटला आहे. घरी कोणी तुमच्यासाठी ताट झाकून ठेवले असेल. झाकण उचलण्यापूर्वी ते कोणी ठेवले, एवढे आठवा आणि त्या माणसाचे जेवण झाले का, ते विचारा.

आपण शांतपणे ऐकलेत. आज आमच्या मागच्या पानावर पहिली ओळ आपलीच असेल.