आवाज कुठून जातो? छोटा मिडी मिक्सर कंट्रोलर निवडताना



निवृत्त फौजी माणूस डीजेच्या यंत्रावर बोलणार म्हटल्यावर काही जणांना हसू येईल. हसा, हरकत नाही. मी तोफखान्यातला. आयुष्यभर मोठ्या आवाजाशी संबंध आला आणि त्याची पावती म्हणून दोन्ही कानांत बारीक शिट्टी कायमची राहिली आहे. त्यामुळे आवाज कसा जातो, किती जातो आणि कोणाच्या हातात असतो, याकडे माझं लक्ष असतं.

मी दिल्लीत पहाडगंजला राहतो. नवी दिल्ली स्टेशनाबाहेर पडलं की समोर मेन बझार. अरुंद गल्ल्या, हॉटेलं, गच्चीवरची कॅफे. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवनही याच भागात, त्यामुळे मराठी माणसांचा राबता कायम असतो. गेल्या वर्षी इथल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक आमच्या ओळखीच्या छोट्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते. दुसरा सांगली जिल्ह्यातल्या गलाई कामगार कुटुंबातला तरुण. दिवसा दुकानात काम करतो, सुट्टीच्या दिवशी साखरपुडे, हळदी, वाढदिवस अशा लहान कार्यक्रमांत गाणी वाजवतो. दोघांचं म्हणणं एकच: "काका, लॅपटॉपवर बोट फिरवून जमत नाही. छोटा मिक्सर कंट्रोलर घ्यायचाय. कोणता घेऊ?"

फौजेत आम्हाला एक शिस्त शिकवतात. आधी उद्दिष्ट, मग घटक, मग पर्याय आणि शेवटी निर्णय. दुकानात गेल्यावर माणूस नेमका उलटा चालतो. आधी दिवे लुकलुकणारं यंत्र आवडतं, मग त्याला साजेसं उद्दिष्ट शोधलं जातं. आपण सरळ क्रमाने जाऊ.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. मिडी कंट्रोलरमधून आवाज जात नाही. तोफखान्यात एक अधिकारी पुढे टेकडीवर बसतो, त्याला आम्ही ओपी म्हणतो. तो वायरलेसवर फक्त आकडे सांगतो. त्याच्याजवळ एकही गोळा नसतो, गोळा मागच्या तोफेतून सुटतो. मिडी कंट्रोलर म्हणजे तो ओपी. तुम्ही फेडर सरकवला की तो लॅपटॉपला एवढंच कळवतो: "अमुक क्रमांकाचा फेडर, किंमत नव्वद." आवाज कमी-जास्त करण्याचं काम लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं आणि आवाज बाहेर पडतो तो साउंडकार्डातून.

ही भाषा १९८३ सालची आहे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. फेडरचा एक संदेश तीन बाइटचा. जुन्या पाच पिनांच्या केबलवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एक संदेश साधारण एका मिलिसेकंदात पोहोचतो. म्हणून "कंट्रोलर स्लो आहे" अशी तक्रार आली, तर आधी लॅपटॉपची ऑडिओ सेटिंग बघा. ४४,१०० हर्ट्झवर २,०४८ नमुन्यांचा बफर ठेवला की तिथेच ४६ मिलिसेकंद जातात. तो ५१२ वर आणला की बारावर येतात. नवं यंत्र घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहा.

आता पहिला घटक: हेडफोन. डीजेला पुढचं गाणं लोकांना ऐकू जाण्याआधी स्वतःच्या कानात ऐकावं लागतं. त्यासाठी लॅपटॉपमधून दोन वेगळ्या स्टिरिओ वाटा निघायला हव्यात, एक स्पीकरला आणि एक हेडफोनला. एकूण चार चॅनेल. साध्या लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून दोनच निघतात. म्हणून पहिला प्रश्न असा: कंट्रोलरमध्ये साउंडकार्ड आहे का? नसेल तर तुमच्याकडे चार आउटपुटचं वेगळं साउंडकार्ड आहे का? हे न विचारता फेडर मोजत बसलात, तर घरी आल्यावर आणखी एक डबा विकत घ्यावा लागतो.

दुसरा घटक: हाताला किती कामं आहेत? कागद घ्या आणि लिहून काढा. मंडळाची यादी अशी झाली: आरतीचा ट्रॅक, लेझीमचा ट्रॅक, मुलांच्या नाचाची गाणी, निवेदनाच्या मागचं हलकं संगीत, शंख-घंटेचे छोटे तुकडे आणि सगळ्यांवर एक मुख्य फेडर. तबकड्या फिरवून स्क्रॅच कोणालाच करायचं नव्हतं. सांगलीच्या पोराची यादी वेगळी: दोन डेक, क्रॉसफेडर, प्रत्येक डेकला खर्ज-मध्य-तार असे तीन नॉब, माइक आणि गाणं जागेवर आणायला फिरती तबकडी.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरं इथेच दिसायला लागली.

तिसरा घटक: बारकावा. साध्या मिडीत फेडरच्या किमती ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्या. आवाजासाठी त्या पुरतात. गाण्याच्या गतीसाठी पुरत नाहीत. हिशेब करून बघा. गतीचा पल्ला उणे ८ ते अधिक ८ टक्के असेल, तर एक पायरी सुमारे ०.१३ टक्के. १२० ठोक्यांच्या गाण्यात ती मिनिटाला ०.१५ ठोका होते. तुमची गती दोन पायऱ्यांच्या मधोमध हवी असेल, तर तीन मिनिटांत दोन गाणी सेकंदाच्या एक दशांशाहून थोडी जास्त सरकतात. ढोलाच्या ठेक्यात हे कानाला लगेच खटकतं. म्हणून हाताने गती जुळवणाऱ्याने दोन बाइटची, १६,३८४ पायऱ्यांची सोय असलेला गती-फेडर शोधावा, नाहीतर न थांबता गोल फिरणारा नॉब वापरावा. सिंक बटणावर काम भागत असेल, तर याची चिंता नको.

चौथा घटक: उडी. छोट्या यंत्रात एकाच फेडरला दोन-तीन कामं देतात, बटण दाबून पान बदलायचं. आता समजा पहिल्या पानावर तुम्ही फेडर वर ठेवला आणि पान बदललं. नव्या पानावर तोच आवाज शून्यावर आहे. फेडर जरा हलवला की आवाज एकदम शून्यावरून वर उडी मारतो. यावर उपाय असतो, त्याला सॉफ्ट टेकओव्हर म्हणतात. फेडर जुन्या जागेपर्यंत पोहोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याचं ऐकत नाही. मिक्स नावाचं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात ही सोय आहे आणि कोणत्या फेडरने काय करायचं, हेही तुम्हाला शिकवता येतं.

आता पर्याय. मोजकीच नावं घेतो.

कॉर्गचा नॅनोकंट्रोल-टू. पातळ आणि हलका. आठ फेडर, आठ नॉब, प्रत्येक चॅनेलला तीन बटणं. एका चॅनेलला नॉब एकच, म्हणजे खर्ज-मध्य-तार वेगळे हाताळता येत नाहीत. साउंडकार्ड नाही.

अकाईचा मिडीमिक्स. आठ फेडर, नववा मास्टर, आणि प्रत्येक चॅनेलवर तीन नॉब, एकूण चोवीस. तीन नॉब म्हणजे बरोबर तीन पट्ट्यांचा इक्वलायझर. साउंडकार्ड यातही नाही. नोव्हेशनचा लाँच कंट्रोल एक्सएल याच जातीचा: आठ फेडर, चोवीस नॉब. या तिन्हींत क्रॉसफेडर नाही.

ॲलन अँड हीथचा झोन के-टू. अरुंद, उभा, आणि आत साउंडकार्ड असलेला.

मग दोन डेकवाले. न्यूमार्कचा डीजे-टू-गो-टू टच अगदी पट्टीएवढा, तरी त्यात क्रॉसफेडर, दोन तबकड्या आणि हेडफोनची सोय असलेलं साउंडकार्ड आहे. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स-फोर जागा जास्त घेतो, पण त्यात पूर्ण मिक्सर, साउंडकार्ड, माइकची जागा आहे आणि मोबाइलवरही चालतो.

निर्णय काय झाला? मंडळाकडे चार आउटपुटचं साउंडकार्ड आधीपासून होतं. त्यांनी आठ फेडर, एक मास्टर आणि चोवीस नॉबवाला डबा घेतला. एक ते चार फेडर डेकना, पाच-सहा शंख-घंटेला, नववा मुख्य आवाजाला. प्रत्येक फेडरखाली पांढरी पट्टी चिकटवून मराठीत नाव लिहिलं. आता साठीच्या काकूसुद्धा आरतीचा फेडर न विचारता ओळखतात. पोराने मात्र दोन डेकवाला, साउंडकार्डासकट असलेला घेतला. त्याला लग्नाघरी एका पिशवीत सगळं न्यायचं असतं आणि टेबल मिळेलच याची खात्री नसते. त्याची कित्येक महिन्यांची बचत त्यात गेली. म्हणूनच मी त्याला आधी कागदावर यादी करायला लावली होती.

खरेदीसाठी आम्ही लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटला गेलो. नवी दिल्ली स्टेशनहून मेट्रोने चावडी बाजार, पुढचं चांदनी चौक, मग चालत. दुकानात चार गोष्टी करा. आपला लॅपटॉप बरोबर न्या आणि ड्रायव्हर न टाकता यंत्र ओळखलं जातं का बघा. प्रत्येक फेडर पूर्ण खालून वर न्या. पडद्यावरचा आकडा अडखळता किंवा उड्या मारता कामा नये. शेजारचा नॉब न हलवता मधला नॉब दोन बोटांत धरता येतो का बघा. इक्वलायझरच्या नॉबला मध्यावर हलका खटका असेल तर उत्तम, अंधारात हाताला मध्य सापडतो. आणि यूएसबीचं तोंड सैल नको. केबल पाच मीटरपेक्षा लांब वापरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यूएसबी निघाली तर काय होतं? पुष्कळांना वाटतं, गाणं थांबेल. थांबत नाही. ओपीचा वायरलेस बंद पडला तर शेवटचा हुकूम कायम राहतो, तसंच इथे. वेगळं साउंडकार्ड असेल तर लॅपटॉप शेवटच्या आकड्यावर वाजवतच राहतो आणि तुम्ही मेलेला फेडर खाली ओढत बसता. म्हणून ॲम्प्लिफायरचा नॉब हाताच्या अंतरावर ठेवा आणि तिथे एक माणूस नेमा. तसंच, कंट्रोलरवरचा मास्टर पूर्ण वर असताना जेवढा आवाज तुम्हाला चालेल, तेवढाच ॲम्प्लिफायर उघडा. मग फेडरवर कोणाचंही बोट गेलं तरी मर्यादा सुटत नाही.

ही मर्यादा कायद्यातही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तेव्हा मांडव घालण्याआधी चौकशी करा.

आणि कान. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. समोर स्पीकर दणदणत असला की डीजे हेडफोन त्याहून मोठा करतो. म्हणून कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, स्पीकरच्या तोंडासमोर टेबल लावू नका, आणि पुढचं गाणं तपासून झालं की हेडफोनचा नॉब खाली आणा. तो पोरगा मला म्हणाला होता की कार्यक्रमानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, सकाळी जाते. मी त्याला सांगितलं, माझी पूर्वी सकाळी जायची, आता जात नाही. त्याने त्याच दिवशी कंट्रोलरच्या बजेटमधून थोडे पैसे काढून चांगला हेडफोन घेतला आणि कंट्रोलर एक पायरी स्वस्त निवडला. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच.

तुम्ही नागपुरात असा, बेळगावात, इंदुरात की बडोद्यात, क्रम हाच ठेवा: आवाज कुठून बाहेर पडणार, पुढचं गाणं कानात कसं येणार, हाताला किती कामं आहेत, आणि मग कोणता डबा. यादी कागदावर लिहा, दुकानात खिशातून काढा, आणि यादीबाहेरच्या बटणांचे पैसे देऊ नका.

एवढं बोलून थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.